वाजवून घेतलेली गोटी

“बोला पिराजीमामा, कुठली गोटी दाखवू?”

हातिमभाईनं नेहमीच्या हसऱ्या तोंडानं विचारलं आणि आबा गप्प राहिले. एरवी आबा दुकानाची पायरी चढता चढताच मागणी सांगायचे. हातिमभाईनं एक डबा काढला की त्याला दुसरा काढायला लावायचे, दुसऱ्यात खोट काढून पहिल्याकडं वळायचे आणि शेवटी तिसराच घेऊन घरी यायचे. त्या दिवशी मात्र ते काउंटरच्या काचेकडं बघत उभे राहिले. काचेखाली पक्कडी मांडून ठेवल्या होत्या. जन्मात कधी पक्कड पाहिली नसल्यासारखे आबा त्या बघत होते.

“सर्जाला विचार,” ते मला म्हणाले. “म्हणावं, कसला सेट बगायचा.”

सर्जादादा माझ्या पलीकडं हातभर अंतरावर उभा होता. आबांचा शब्द न् शब्द त्यानं ऐकला होता. तरी मी मान वळवून विचारलं, “दादा, कसला सेट बगायचा?”

“आबांना सांग, त्यांनीच निवडावा. त्यांना कळतंय.”

मी मान परत वळवली. “तुमीच निवडा म्हणतोय.”

हातिमभाई आळीपाळीनं तिघांकडं बघत राहिला. बापलेकात काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलं असणार, पण माणूस शहाणा, काही विचारलं नाही. मला त्याची लाज वाटली आणि त्या दोघांचा रागही आला. चार महिने माझा हाच धंदा चालला होता. आमच्या घरात टपालखातं उघडलं होतं आणि पोस्टमन मी एकटी. आई असती तर दोघांचे कान धरून तिनं समोरासमोर बसवलं असतं. पण आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

सांगली-कोल्हापूर रस्त्यावर हातकणंगल्याच्या अलीकडं आमचं गॅरेज. गॅरेज म्हणजे पुढं पत्र्याची शेड आणि मागं आमचं घर. गोटी हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले. पान्याच्या दांडीला पुढं बसवायची ती पोलादी वाटी. नटावर टोपीसारखी घालायची आणि दांडी फिरवायची. प्रत्येक मापाच्या नटाला वेगळी गोटी, आणि सगळ्या मापांच्या गोट्या ओळीनं बसवलेला डबा म्हणजे सेट. आबांना गोटी निवडण्याचा भारी नाद. सुतळीचा तुकडा कायम खिशात असायचा. सुतळीला गोटी टांगायची, दुसऱ्या गोटीनं हलकी टिचकी मारायची आणि कानाजवळ धरायची. जी खणखणीत वाजेल ती पास. जी बद्द वाजली ती बाजूला, तिच्यात कुठंतरी तडा आहे असं आबा सांगायचे, आणि रॉकेल लावून, पुसून, वर खडूची पूड चोळली की केसासारखी काळी रेघ खरोखरच उमटायची. वडगावचे, पेठेचे मिस्त्री नवा सेट घ्यायचा झाला की आबांना सोबत घेऊन जायचे. आबा घडीचा सदरा घालून नवरदेवासारखे त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसायचे.

“वाजवून घेतलेली गोटी हाय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही.

दादाचंही चाललं नाही. त्या वर्षी आम्ही कंप्रेसर घेतला होता आणि त्याच्यावर चालणारी हवेची गन. चाकाचे नट सोडवायला हाताचा घाम गाळावा लागायचा, ते काम गन चुटकीसरशी करायची. मात्र गनला काळ्या गोट्या लागतात. त्या जाड असतात, गनचे ठोके पचवतात. हातानं फिरवायच्या गोट्या चकचकीत आणि कडक. गन नुसती फिरवत नाही, आतून हातोडीसारखी ठोकते. तिच्या तोंडाला चकचकीत गोटी लावली तर ती तडकू शकते. हे आज मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तेव्हा आमच्या घरात ते एकट्या दादाला माहीत होतं.

भाजीचा टेम्पो आला होता आणि ड्रायव्हर सारखा घाई करत होता. चाकाचा एकवीसचा नट गंजून बसलेला. एकवीसची काळी गोटी आमच्याकडं नव्हती.

“आबा, ही नगो,” दादा म्हणाला होता. मी चहा घेऊन आले होते, माझ्यासमोरच म्हणाला. “गनला काळीच पायजे. सांगलीसनं आणतो की.”

“गोटी म्हंजे गोटी,” आबा म्हणाले. “ही मी वाजवून घेतलीया. हिला काय बी हुत न्हाई. लाव.”

दादानं लावली. बापाचा शब्द मोडायची आमच्याकडं रीत नव्हती. गनचा आवाज झाला, मग एक वेगळाच आवाज झाला, आणि दादा दोन्ही हात तोंडावर धरून खाली बसला. गोटीचा तुकडा उजव्या डोळ्यात शिरला होता. डोळा काढावा लागला.

दवाखान्यातून घरी आल्यापासून दादानं गॅरेजात पाऊल टाकलं नाही. आबांशी एक शब्द बोलला नाही. मागच्या खोलीत कॉटवर पडून राहायचा आणि माझ्यावर हुकूम सोडायचा. रत्ने, पाणी वत. रत्ने, चहा हातात दे. तांब्या-भांडं हाताशी ठेवलेलं असलं तरी पाणी मीच ओतून द्यायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, “डोळा गेलाय दादा, हात न्हवं.” त्यानं तांब्याच उचलून तोंडाला लावला आणि अर्धं पाणी सदऱ्यावर सांडून घेतलं. रागावलेलं माणूस असंच वागणार, असं मी मनाशी म्हटलं.

आबाही तसंच म्हणायचे. “त्याला राग हाय. आसू दे. रागवायचा हक्कच हाय त्याला.” रात्रंदिवस त्यांना एवढंच होतं, दादाचा राग जावा आणि तो शेडमध्ये परत यावा. गिऱ्हाईक ‘सर्जा कुटं हाय’ म्हणून विचारायचं आणि आबा ‘येतोय, येतोय’ म्हणायचे. दादाचा कामाचा शर्ट त्यांनी खिळ्यावरून काढू दिला नव्हता. आणि त्या दिवसापासून त्यांनी एकही गोटी वाजवून पाहिली नव्हती.

मिरजेला सातपुते नावाचा माणूस होता. तो खोटे डोळे बसवून द्यायचा. दादा तिकडं जायला तयार झाला, तेवढ्यावर आबांनी आपला बेत जोडला. जाताना सांगलीला उतरायचं, नवा सेट घ्यायचा, आणि तो दादानं स्वतः निवडायचा. आपल्या हातानं निवडलेलं हत्यार माणूस टाकून देत नाही, असा त्यांचा हिशेब. एसटीत त्यांनी तो मला हळू आवाजात सांगितला. दादा पुढच्या बाकावर बसला होता आणि त्याला सगळं ऐकू जात होतं.

हातिमभाईनं आपणहून तीन-चार डबे काढून काउंटरवर उघडले. आतल्या गोट्या ओळीनं चमकत होत्या. आबांचा हात सवयीनं खिशात गेला, सुतळी अर्धी बाहेर आली आणि परत आत गेली.

“वाजवून नाही बघणार, मामा?”

“न्हाई. वाजत्यात समद्याच,” आबा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “सर्जाला विचार, आतनं सा कोनाची घ्यायची का बारा कोनाची?”

मी विचारायच्या आतच दादा म्हणाला, “सा कोनाची. नट झिजलेला असला तर बारा कोनाची घसरती.”

बोलला तो माझ्याकडं बघून, पण ते उत्तर माझ्यासाठी नव्हतं. मला कोनांतलं काय कळतंय. आबांची मान वर आली. “सा कोनाची काड रं हातिम,” ते म्हणाले आणि आवाज जरा पूर्वीसारखा लागला. “आनि गनच्या काळ्या. पूर्ण सेट. एकवीसची हाय न्हवं त्यात? बग नीट.”

“आहे मामा. ही काय.”

आबांनी एकवीसची काळी गोटी हातात घेतली. बोट आत घालून फिरवलं, वजन पाहिलं, अंगठ्याच्या नखानं कड चाचपली. बराच वेळ ती हातात धरून होते. मग खाली ठेवली आणि डब्याची बिजागरी बघायला वाकले. बिजागरीत त्यांना काही बघायचं नव्हतं, डोळे पुसायचे होते.

काउंटरवर एक फळी असायची, तिच्यात वेगवेगळ्या मापांचे नट-बोल्ट बसवलेले. गिऱ्हाइकानं गोटी लावून बघावी म्हणून.

“सर्जाला सांग, लावून बग म्हणावं,” आबा वाकल्या वाकल्या म्हणाले.

दादानं दांडीला गोटी बसवली. ते त्यानं न बघताच केलं, आवाजही छान आला. मग हात पुढं केला, आणि गोटी नटाच्या शेजारी लाकडावर टेकली. त्यानं परत उचलली, परत टेकली. या खेपेला ती नटापर्यंत पोचलीच नाही, अधांतरीच थांबली. नट चांगला अंगठ्याएवढा होता. हातिमभाईनं एकदम मागच्या मांडणीकडं तोंड केलं आणि उगाच खोकी सारखी करू लागला.

दादानं दांडी खाली ठेवली. “चांगला हाय सेट,” तो म्हणाला. “सांग त्यांना.”

मी त्याच्याकडं रोखून पाहिलं. हा मुद्दाम करतोय, मला वाटलं. बापाला हिणवायला नाटक करतोय. ज्या पोरानं लहानपणी अख्ख्या गल्लीच्या गोट्या जिंकून आणल्या, उकिडवा बसून, डावा डोळा झाकून, नेम धरून मारली की लागलीच, त्याला एवढाला नट सापडू नये? माझ्या तोंडावर आलं होतं, पण आबा तेवढ्यात उभे राहिले. त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

“पसंत हाय म्हणतोय?” त्यांनी विचारलं.

“व्हय,” मी म्हटलं.

आबांनी दोन्ही डबे स्वतः उचलले. मला एकालाही हात लावू दिला नाही.

सातपुत्यांची खोली मिरजेत एका बोळात, शिंप्याच्या दुकानावर होती. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता. सातपुते बारीक, कमी बोलणारे. त्यांनी दादाला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, डोळ्याची खाच पाहिली, माप घेतलं. मग कपाटातून एक चपटा लाकडी डबा काढला आणि टेबलावर उघडला.

आत कापसाच्या खाचांत ओळीनं डोळे ठेवले होते. लहान, मोठे, काळे, पिंगट, घारे. डावीकडून उजवीकडं माप वाढत गेलेलं.

आम्ही तिघंही त्या डब्याकडं बघत राहिलो. आबांच्या मांडीवर हातिमभाईच्या दुकानातले डबे होते. ते त्यांनी एकदम खाली, खुर्चीखाली सरकवले.

“माप या ओळीतलं बसेल,” सातपुते म्हणाले. “रंग मात्र तुम्ही बघायचा. पेशंटला आरशात तितकं कळत नाही. घरच्या माणसाची नजर लागते. तुम्ही वडील ना? या असे जवळ. त्यांचा डावा डोळा नीट बघा आणि यातली गोटी निवडा.”

त्यांनी गोटीच म्हटलं. त्यांच्या तोंडात रोजचाच शब्द असेल. आबा मात्र कुणीतरी हाक मारल्यासारखे दचकले.

“मी नगो,” आबा म्हणाले. “ही बगंल. रत्ना बगंल.”

मी म्हटलं, “तुमीच बगा आबा.” मला का कुणास ठाऊक, ते त्यांनीच करायला हवं असं वाटलं.

आबा उठले आणि दादासमोर वाकले. चार महिन्यांत ते दोघं इतक्या जवळ आले नव्हते. दादानं मान वर केली आणि डावा डोळा बारीक करून आबांकडं पाहिलं. कपाळावर आठ्या पडल्या. आबांना ती नजर सोसली नाही. ते माझ्याकडं वळून पुटपुटले, “लई राग हाय गं त्या डोळ्यात.”

मग त्यांनी ओळीतला एक डोळा उचलला. कामाच्या तेलानं कायमची काळी झालेली ती बोटं आणि त्यांत तो पांढरा, गुळगुळीत, कशाकडंच न बघणारा डोळा. आबांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. फिरवला. नखानं कड चाचपली. दादाच्या चेहऱ्याजवळ नेऊन ताडून पाहिला, खाली ठेवला, दुसरा घेतला. त्यांचे ओठ हलत होते. मी पाहत होते, ते निवडत होते, हातिमभाईच्या दुकानात आयुष्यभर निवडत आले तसेच, आणि मन लावून. तिसरा डोळा त्यांना पसंत पडलासा वाटला. त्यांनी तो कानाजवळ नेला आणि अंगठ्याच्या नखानं हलकेच टिचकी मारली.

त्यांना स्वतःला कळलंच नाही. हात आपोआप गेला होता. टिक असा बारीक आवाज झाला.

सातपुते चक्रावून बघत राहिले. मी तोंडावर पदर धरला. हसू येत होतं की रडू, मला सांगता आलं नसतं.

“आबा,” दादा म्हणाला.

खाली मशीन थांबलं होतं की मलाच त्याचा आवाज ऐकू येईना, ठाऊक नाही.

“वाजवून नगा बगू आबा,” दादा हळू म्हणाला. “ती न्हाई वाजायची. चांगली हाय ती. द्या, हीच घेऊ.”

आबांनी तो डोळा सातपुत्यांच्या तळहातावर ठेवला आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. सातपुत्यांनी खाच धुतली, डोळा बसवला, पापणी सारखी केली. दादाचा चेहरा परत पूर्वीसारखा झाला. निदान लांबून तरी झाला.

मिरजेच्या स्टँडवर येईपर्यंत आबा निराळेच माणूस झाले होते. दोन्ही डबे काखेत मारून झपझप चालत होते. “बोलला गं,” माझ्या कानाशी लागून म्हणाले. “मला बोलला त्यो. राग निवळाय लागला बग.” मग दादाला भडंग आवडतं म्हणून ते आणायला स्टँडबाहेर गेले. डबे आमच्याजवळ ठेवून गेले, तेही दहादा बजावून.

मी आणि दादा चहाच्या टपरीपुढच्या बाकावर बसलो. मला इतकं बरं वाटत होतं की मी बडबडत सुटले. उद्या शेड झाडून घेते, तुझा शर्ट धुऊन ठेवते, असं काहीबाही. दादानं टपरीवरचा जग उचलला आणि ग्लासात पाणी ओतायला लागला. धार ग्लासाच्या बाहेर पडत होती. चांगली चार बोटं बाहेर. बाकावर पाणी झालं, माझ्या पदरावर आलं, तरी तो ओततच होता.

“दादा, पाणी,” मी म्हटलं.

तो थांबला. जग खाली ठेवताना आधी त्यानं डाव्या हातानं बाकाची कड चाचपली.

मी त्याच्याकडं पाहिलं. ते दुकानातलं नाटक, तो तोंडाला लावलेला तांब्या, चहा हातातच दे म्हणणं, सगळं एकदम माझ्यापुढं आलं.

“गोट्या खेळताना मी डावा डोळा का झाकायचो, ठावं हाय तुला?” त्यानं विचारलं.

“नेम धराय.”

“नेम धराय समदीच झाकत्यात. माझा डावा पयल्यापासनंच भुरका हाय, रत्ने. जलमापासनं. त्यो उघडा असला की समोरचं फिसकटायचं, म्हणून झाकायचो. समदं काम उजव्याचंच. मला वाटायचं समद्यांचं असंच असतंय.” त्यानं नवा डोळा बोटानं हलकेच दाबून पाहिला. “दवाखान्यातल्या डाक्टरांनी तपासलं तवा कळलं, आबा भाईर हुते. चष्म्यानं बी सुधरत न्हाई म्हणाले. माणूस दिसतोय, मोटार दिसती. नट दिसत न्हाई.”

“आबांना...”

“तुमी झोपल्यावर मी दोन-चारदा शेडमदी गेलो. दिवा लावून बसलो. गोटी नटावर बसंना. एकदा तर गोटी घसरून बोट फुटता फुटता ऱ्हायलं.” त्यानं ओल्या बाकावरून हात फिरवला. “मला राग न्हाई गं. पयल्या दिसापासनं न्हाई. त्यांनी काय मुद्दाम केलंय?”

“मग सांग की त्यांना. एवढं तरी सांग!”

“काय सांगू? माझा एक डोळा गेला असं त्यांना वाटतंय, आनि तेवढ्यानं माणूस वाळून चाललाय. दोन्ही गेल्यात म्हणून सांगू?” त्याचा आवाज चढला आणि परत खाली आला. “राग हाय म्हटलं की बरं असतंय. राग काय, आज न्हाई उद्या जातोय. त्यांना वाट तरी बगता येती.”

मी त्याच्या ग्लासात पाणी ओतलं आणि ग्लास त्याच्या हातात दिला.

“त्यांना बोललो मगाशी, ती चूक झाली,” तो पाणी पिऊन म्हणाला. “पन ते डोळा वाजवाय लागले, मला ऱ्हावलं न्हाई.”

आबा भडंगाची पुडी घेऊन आले. एसटीत आम्हाला तिघांचा बाक मिळाला. मी नेहमीप्रमाणं मधे बसायला गेले, तर आबांनी मला खिडकीशी सरकवलं आणि स्वतः मधे बसले, दादाला खेटून. मांडीवर दोन्ही डबे. अंकलीचा पूल येईपर्यंत ते पुडी सोडायचीही विसरले होते. मग एकदम घसा खाकरून त्यांनी विचारलं, थेट त्याला, नाव घेऊन.

“सर्जा, उद्या येतोस न्हवं मग? शेडमदी?”

दादा समोर बघत होता. नवा डोळा आणि जुना डोळा, दोन्ही समोर. मग आबांच्या पलीकडून माझ्याकडं वळला.

“रत्ने, आबांना सांग. माझा राग गेलेला न्हाई. इतक्यात जायचा बी न्हाई.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. ऐकलेलं खोटं ठरवायला जणू मीच उरले होते. ते नुसते बघत राहिले, निरोप यायची वाट बघत.

“राग गेलेला न्हाई म्हणतोय,” मी म्हटलं.

आबांनी मान हलवली. पुडी सोडली, मूठभर भडंग माझ्या ओंजळीत घातलं, आणि बाकीची पुडी न बोलता दादाच्या हाताजवळ ठेवली.

पुढं दादा गावच्या शाळेत शिपाई म्हणून लागला. घंटा द्यायची, दारं उघडायची, पाणी भरायचं. घंटा शेडपर्यंत ऐकू यायची आणि आबा हातातलं काम थांबवून ती पुरी ऐकायचे. “नाद चांगला काडतोय,” एवढंच म्हणायचे. सेटला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. गॅरेजात दुसरे मिस्त्री आले, गेले, ते आपापली हत्यारं वापरायचे. खंडेनवमीला आबा दोन्ही डबे काढायचे, एकेक गोटी फडक्यानं पुसायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि मला म्हणायचे, “सर्जाला विचार, औंदा?” मी आत जाऊन यायचे. दादा मानेनं नाही म्हणायचा. एका घरात राहून, एका ताटलीतली भाकरी मोडून, ते दोघं पुन्हा कधीच समोरासमोर बोलले नाहीत. सगळं माझ्यातून. माझं लग्न झालं, मी जयसिंगपूरला गेले, तरी सणासुदीला आले की दोन्हीकडचे निरोप साठलेले असायचे.

आबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी महिनाभर येऊन राहिले होते. शेवटी शेवटी ते फार बोलत नसत. एका दुपारी दादा त्यांचे पाय चेपत बसला होता, चाचपून चाचपून. आबांना वाटलं असेल मीच आहे. डोळे मिटलेलेच होते.

“रत्ने,” त्यांनी हाक मारली. “सर्जाचा राग गेला काय गं?”

मी दादाकडं पाहिलं. त्याच्या खऱ्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, आबांनी निवडलेला कोरडा होता. त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

मी आबांच्या उशाशी वाकले. “न्हाई आबा. हाय अजून.”

“हाय?”

“लई हाय.”

आबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. खरं सांगते, समाधानच.

“मग ठीक,” ते म्हणाले. “राग गेला की यील त्यो. सेट पुसून ठेव.”

मी शेडमध्ये गेले, दोन्ही डबे उघडले आणि एकेक गोटी पुसून ठेवली.